विषय: गाडीचं इन्शुरन्स कार्ड एकदा उघडून वाचा (आणि थोडी माझी रड)

प्रेषक: बंड्या, फ्रिस्को

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या लिस्टवर गाडीची रड टाकू नये हे कळतंय, पण दोन आठवडे नुसता जीव खाल्लाय या प्रकरणाने आणि शेवटी जे निघालं ते तुमच्यापैकी कुणाचंही होऊ शकतं म्हणून लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझ्या होंडा सीआर-व्हीचं रजिस्ट्रेशन महिनाअखेरीला संपत होतं. १ जानेवारी २०२५ पासून टेक्ससमध्ये आपल्यासारख्यांच्या साध्या गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शन बंद झालं, तेव्हा व्हॉट्सॲपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज फिरले होते, त्यामुळे मी निवांत. पण आपण पडलो कॉलिन काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा). धुराची टेस्ट इथे आहेच, डॅलस, डेंटन, टॅरंट सगळीकडे आहे, ह्यूस्टन-ऑस्टिनकडे पण आहे. म्हणजे दुकानात जायचं ते जायचंच. आणि गंमत बघा, आधी दुकानदाराला सेफ्टीचे ७ डॉलर आणि राज्याला रजिस्ट्रेशनबरोबर साडेसात जायचे. आता दुकानदाराचे ७ गेले, राज्याचे साडेसात मात्र 'इन्स्पेक्शन प्रोग्रॅम रिप्लेसमेंट फी' असं बारसं करून जागच्या जागी! न केलेल्या तपासणीची फी.

असो. तर मी त्याच आठवड्यात बॅटरी बदलली होती. टेस्टला गेलो, त्या पोराने स्टिअरिंगखाली मशीन लावलं आणि म्हणाला रिजेक्ट, मॉनिटर (म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या) रेडी नाहीत. चेक इंजिन लाइट नाही, गाडी लोण्यासारखी चालतेय, तरी रिजेक्ट. कारण बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरची पाटी कोरी होते, मग त्याला सगळं पुन्हा तपासून घ्यायला गाडी पळवावी लागते, हायवेवर थोडी, गावात थोडी, सकाळी थंड इंजिनवर सुरू करून, टाकी फुल नको आणि अगदी रिकामीही नको. २००१ किंवा त्यानंतरच्या गाडीला एकच मॉनिटर अपुरा चालतो, माझे तीन होते. मग काय, शनिवारी हायवे ७५ धरून पार डेनिसन गावापर्यंत जाऊन आलो, काहीही काम नसताना. हवा स्वच्छ राहावी म्हणून जी टेस्ट आहे तिच्यासाठी अर्धी टाकी पेट्रोल जाळलं. सोमवारी पास.

आता खरी गोष्ट. पास झालो म्हणून रात्री ऑनलाइन रिन्यूअलला बसलो तर इन्शुरन्स कन्फर्म होत नाही म्हणे. अरे, कार्ड माझ्या हातात आहे! तीन वेळा केलं, तेच. शेवटी अर्धा दिवस सुट्टी टाकून काउंटीच्या ऑफिसात गेलो, खिडकीवरच्या बाईंनी कार्ड घेतलं, एका बोटाने कार्डावरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) आणि दुसऱ्या बोटाने स्क्रीनवरचा, असं एकेक अक्षर जुळवत गेल्या आणि मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, ही गाडी तुमची नाही.

तर झालं असं की तीन महिन्यांपूर्वी मी इन्शुरन्स कंपनी बदलली. एजंटकडे माझी जुनी माहिती होती, त्याने त्यातूनच गाडी उचलली. माझी आधीची पण सीआर-व्हीच होती, ती गेल्या वर्षी विकली. म्हणजे तीन महिने मी विकलेल्या गाडीचा हप्ता भरतोय आणि जी चालवतोय, पोरांना शाळेत सोडतोय, तिच्यावर कागदोपत्री काहीच नाही. कार्डावर सीआर-व्ही लिहिलंय एवढं बघून मी ते फोनमध्ये टाकून दिलं होतं. वर्ष वेगळं होतं की हो त्याच्यावर, छापलेलं होतं ढळढळीत. मी वाचलंच नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, आत्ता खाली जा, ड्रायव्हरच्या बाजूने काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात दिसतो तो १७ अक्षरांचा नंबर कार्डाशी ताडून बघा.

बंड्या

---

प्रेषक: माई, प्लेनो

अरे बंड्या, वाचून पोटात गोळा आला रे. मी लगेच चपला घालून गेले खाली, आमच्या ह्यांना वाटलं कुणी गाडी ठोकली. आमचा नंबर बरोबर आहे. पण लेकीच्या गाडीचं कार्ड मुदत संपलेलं निघालं तिच्या फोनमध्ये! पॉलिसी चालू आहे, नवीन कार्ड उतरवून घ्यायचा कंटाळा. तिला रात्री ११ वाजता फोन करून शिव्या घातल्या.

आणि ती कॉलेज स्टेशन गावी असते, तिची गाडी तिकडेच रजिस्टर केलीये, तर तिला टेस्टच नाही! तिकडची काउंटी यादीत नाही म्हणे. म्हणजे तीच गाडी इथे उभी असली तर धूर सोडते आणि तिथे गेली की अगरबत्ती.

एक विचारायचं होतं, पोलिसाला फोनवर कार्ड दाखवलेलं चालतं ना? फोन त्याच्या हातात द्यायचा म्हणजे मला कसंतरीच वाटतं, त्यात माझे सगळे फोटो, बहिणींचे मेसेज.

माई

---

प्रेषक: नाना, अर्व्हिंग

चि. बंड्या यांस,

तुझा मेल वाचला. इन्शुरन्सबद्दल लिहिलंस ते सर्वांनी ध्यानात घ्यावं असंच आहे. पण सेफ्टी इन्स्पेक्शन गेलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांत मी नव्हतो आणि नाही.

इथे ही तपासणी १९५१ पासून होती. आम्ही आलो तेव्हा काचेवर दोन स्टिकर असायचे, एक रजिस्ट्रेशनचा आणि एक तपासणीचा, २०१५ मध्ये दोन्हींचा मिळून एक केला. दरवर्षी कटकट होती, मान्य. दुकानात तासभर बसायचं, जुनी मासिकं चाळायची, आणि मग तो वायपर बदला म्हणून मागे लागायचा. पण मला स्वतःला त्या तपासणीने दोनदा वाचवलंय. एकदा मागचे दोन्ही ब्रेक लाइट गेलेले, मला पत्ताच नव्हता, आपण आपल्या गाडीच्या मागून थोडेच चालवतो? आणि एकदा टायर. बाहेरून चांगला दिसायचा, आतल्या कडेला पार गुळगुळीत झालेला. पावसात ६३५ हायवेवर ६५ मैलांच्या स्पीडने काय झालं असतं विचार कर.

आता कुणी बघत नाही. म्हणून मी स्वतः बघतो. एक सेंटचं नाणं घ्यायचं, लिंकनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत घालायचं. डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपला, खाच इंचाच्या २/३२ पेक्षा कमी उरली. आतल्या कडेलाही घालून बघायचं, ते महत्त्वाचं. चाकं वळवून ठेवलीस तर पुढच्यांचं सहज दिसतं, मागच्यांसाठी मात्र आमच्या वयात जरा लोटांगण घालावं लागतं.

आ. नाना

---

प्रेषक: बंड्या, फ्रिस्को

नाना, तुमच्या अनुभवापुढे काय बोलणार, पण मी जिथे जायचो तिथला माणूस एकदा हॉर्न वाजवायचा, दिवे लावायचा, गाडी पुढे-मागे करून ब्रेक मारायचा, झालं! पाच मिनिटं. टायरच्या आतल्या कडेला नाणं घालताना मी तरी कुणाला पाहिला नाही. आणि ज्याला खरंच गळकी गाडी पास करून घ्यायची असायची त्याला कुठलं दुकान धरायचं हे माहिती असायचंच की. देशात पीयूसी कसं निघतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, गाडी घरी आणि सर्टिफिकेट हातात. प्रामाणिक माणसाचे तेवढे तास जायचे. त्यामुळे गेलं ते बरं झालं या मतावर मी ठाम आहे, साडेसात डॉलरसकट गेलं असतं तर आणखी बरं.

माई, एजंटला मी विचारलं की या तीन महिन्यांत काही झालं असतं तर क्लेम मिळाला असता का. त्यावर त्याने पंधरा मिनिटं इतकं गोल गोल सांगितलं की मला उत्तर कळलं.

बंड्या

---

प्रेषक: बाप्पू, मॅकिनी

तुम्ही पेट्रोलवाले साडेसात डॉलरला रडताय होय? आमच्या ईव्हीला धूर नाही म्हणून टेस्ट नाही, पण सप्टेंबर २०२३ पासून रिन्यूअलला दरवर्षी २०० डॉलर जास्तीचे. नवीन घेतली तर दोन वर्षांचे ४०० एकदम. का तर म्हणे पेट्रोलवरचा टॅक्स तुम्ही भरत नाही. बरोबर आहे, भरत नाही. पण बायको वर्षाला पाच हजार मैल पण चालवत नाही, तिच्या गाडीला पण दोनशेच!! चालू द्या.

बाप्पू

---

प्रेषक: पिंट्या, रिचर्डसन

नमस्कार, मी नवीन आहे, ऑगस्टमध्ये मास्टर्सला आलोय. चौघांत मिळून जुनी कोरोला घेतोय. एक सीनियर म्हणतो सगळ्यात स्वस्त लायबिलिटी घे, ३०/६०/२५ वाली, कायद्याला तेवढीच लागते. हे आकडे म्हणजे काय? आणि गाडी एकाच्या नावावर, चालवणार चौघं, इन्शुरन्स पण एकाच्याच नावावर घेतला तर चालेल ना, स्वस्तात पडतोय.

---

प्रेषक: वहिनी, ॲलन

पिंट्या, थांब, पैसे भरू नकोस अजून. मी या धंद्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते.

३०/६०/२५ म्हणजे हजार डॉलरमध्ये. तुझ्या चुकीने कुणाला लागलं तर एका माणसाच्या दुखापतीला ३० हजारपर्यंत, एका अपघातातल्या सगळ्यांचे मिळून ६० हजारपर्यंत, आणि समोरच्याची गाडी, कुंपण, जे मोडेल त्याला २५ हजार. हे सगळं समोरच्याचं, तुझ्या कोरोलाला यातून एक पैसा नाही, तुझ्या हाडांनाही नाही. आणि आता रस्त्यावर बघ काय गाड्या आहेत, २५ हजारात एका मोठ्या ट्रकचं पण भागायचं नाही, वरचे पैसे तुझ्याकडून मागणार. थोडे डॉलर वाढवून वरची लिमिट घे, फरक वाटतो तेवढा मोठा नसतो, विचारून तर बघ. दुसरं म्हणजे अनइन्शुअर्ड मोटरिस्ट, म्हणजे ठोकणाऱ्याकडे इन्शुरन्स नसला तर कामी येणारं कव्हर, आणि पीआयपी, म्हणजे चूक कुणाचीही असो, तुझ्या औषधपाण्याचं कव्हर. टेक्ससमध्ये कंपनीला हे तुला देऊ करावंच लागतं, नको असेल तर तू लेखी नाही म्हणायचं असतं. ऑनलाइन घेताना तुम्ही मुलं पटापटा टिक करत जाता ना, त्यातलीच एक टिक म्हणजे ते 'लेखी नाही'. ज्याने ठोकलं त्याच्याकडेच इन्शुरन्स नसला तर मग कळतं.

आणि चौघं चालवणार तर चौघांची नावं सांगायची, एका घरात राहणारे तर नक्कीच. लपवून स्वस्त पडतं ते क्लेम येईपर्यंतच. वाढेल हप्ता, चौघांत वाटा.

माई, हो, फोनवर दाखवलेलं इथे २०१३ पासून कायद्याने चालतं, आणि कार्ड दाखवलं म्हणजे बाकीचा फोन बघायची परवानगी दिली असं होत नाही हेही कायद्यातच लिहिलंय. तरी मी आपली एक कागदाची प्रत ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवते, बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. कार्ड जवळ नसेल आणि पोलिसाने तिकीट (दंडाची पावती) दिलं तर घाबरायचं नाही, त्या दिवशी पॉलिसी चालू होती हे कोर्टात दाखवलं की केस काढून टाकतात. मात्र 'त्या दिवशी' हे महत्त्वाचं, तिकीट मिळाल्यावर संध्याकाळी घेतलेली पॉलिसी उपयोगाची नाही. नसेलच इन्शुरन्स तर पहिल्या वेळी दंड १७५ ते ३५० डॉलर, पुढच्या वेळी ३५० ते हजार.

आणि बंड्या, टेक्ससशुअर म्हणून राज्याचा डेटाबेस आहे, कंपन्या आपल्या पॉलिसींची माहिती तिकडे पाठवतात आणि तिथे गाडी जुळवली जाते ती व्हीआयएनवरून. पोलिसाच्या स्क्रीनवर पण तेच दिसतं. तुला ऑनलाइन अडवलं त्याबद्दल खरं तर नारळ फोड.

वहिनी

---

प्रेषक: लिस्ट ॲडमिन

चर्चा छान चाललीये पण कृपया विषयाची ओळ बदलून दिवाळी फराळाच्या ऑर्डरी याच धाग्यात टाकू नयेत. दोन जणांनी टाकल्यात. चकली किती किलो हे इन्शुरन्सखाली शोधायला लागतंय.

---

प्रेषक: बंड्या, फ्रिस्को

शेवटचा अपडेट देतो. पॉलिसीत गाडी बदलून घेतली, नवीन कार्ड वाचलं, दोनदा वाचलं, बायकोला पण वाचायला लावलं. त्यानंतर सिस्टिममध्ये यायला काही दिवस लागले असते म्हणून परत त्याच खिडकीवर गेलो, त्याच बाई. या वेळी बोटं फिरवून झाल्यावर हसल्या. स्टिकर हातात मिळाला, मुदत संपायच्या दोन दिवस आधी. संपल्यावर पण पाच कामाचे दिवस सवलत असते, मग २०० डॉलरपर्यंत दंड बसू शकतो, पण तितकं ताणायची वेळ आली नाही.

पिंट्या, वहिनी सांगतात ते ऐक.

आणि नाना, काल सहज म्हणून नाणं घेऊन गॅरेजमध्ये गेलो, तुम्हाला मेल टाकायचा होता की बघा, माझे टायर उत्तम आहेत. पुढचे दोन ठीक. मागच्या डाव्याला झोपून आतल्या कडेला नाणं घातलं तर लिंकनसाहेब केसांपासून दाढीपर्यंत पूर्ण. उजव्याला जेमतेम भांग झाकला जातोय. आत्ता टायरवाल्याकडे बसलोय, माझ्यापुढे सहा गाड्या आहेत, आणि इथेही जुनी मासिकंच आहेत.

बंड्या