मदत हवी आहे: कैसराकडे (रोमन सम्राटाकडे) दाद मागितल्यावर सुभेदार फेस्त प्रेषित पौलाला सोडू शकत नव्हता का?

नमस्कार मंडळी. आमच्या बायबल अभ्यासगटात येत्या रविवारी 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय २१ ते २६ मला मांडायचे आहेत. प्रसंग तोंडपाठ आहेत, पण रोमन कायद्यापाशी अडकलोय.

यरुशलेमात अटक झालेल्या पौलाला फटक्यांसाठी वाद्यांनी ताणून बांधलंय. तेवढ्यात तो शताधिपतीला विचारतो, रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का? सगळे दचकून मागे सरतात. रोमन सैन्याचा सरदार म्हणतो, मी हे नागरिकत्व पुष्कळ पैसे मोजून मिळवलंय; पौल म्हणतो, मी तर जन्मापासून नागरिक आहे. इथे दर वेळी अंगावर काटा येतो. पण बांधलेल्या माणसाच्या नुसत्या शब्दावर सरदाराने विश्वास ठेवला कसा? नागरिकांच्या जन्माची नोंद होऊन लाकडी पाट्यांवर दाखला मिळायचा, एवढं वाचलंय. लोक तो प्रवासात जवळ बाळगत का?

मुख्य प्रश्न पुढचा. रोमन सुभेदार फेलिक्सने पौलाला दोन वर्षं कैसरियात डांबून ठेवलं, मग त्याच्या जागी फेस्त आला आणि पौलाने थेट कैसराकडे दाद मागितली, तीही निकालाआधीच! राजा अग्रिप्पा फेस्ताला म्हणतो, दाद मागितली नसती तर हा सुटला असता. म्हणजे सुभेदाराचा सोडण्याचा अधिकारच संपत होता, की कैसराचा अवमान होईल ही भीती होती? करिंथात इ.स. ५१ च्या सुमारास तिथल्या सुभेदार गल्लियोने तर पौलाविरुद्धची फिर्याद ऐकूनही घेतली नव्हती.

रोमन कायदा शिकलेले वकील आणि सेमिनरीत शिकवणारे कुणी असतील तर कृपया सांगा. मराठीत वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा, शनिवारपर्यंत वाचून काढेन.