मदत हवी आहे: डिप्परवर असूनही समोरचे अप्पर मारतात
दर शनिवारी रात्री कराडहून कुंभार्ली घाटातून चिपळूणला बाईकवर जातो. मागे बायको, शिवाय दोन बॅगा. समोरून गाडी दिसली की मी लगेच डिप्परवर (हेडलाइटच्या खालच्या झोतावर) येतो, तरी समोरचा अप्पर (वरचा झोत) मारून खुन्नस देतोच. एकटा असलो की कोणाची तक्रार नसते, म्हणजे मागच्या वजनाने दिवा वर उचलला जात असणार. स्क्रू फिरवून तो खाली केला, तर एकट्याने जाताना उजेड पुढच्या चाकापाशीच सांडतो. धुक्यात अप्पर लावावा, तर समोर पांढरी भिंत!

बल्ब एचएस१ प्रकारचा हॅलोजन, ३५/३५ वॅटचा, नवा आहे आणि होल्डरमध्ये नीट बसलाय. काच पुसली, टायरची हवा पाहिली. मागचे शॉकअप (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा) कडकपणाच्या पाचपैकी दुसऱ्या खाचेवर आहेत, त्यांना अजून हात लावलेला नाही. एलईडी बल्ब कृपया सुचवू नका, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा उजेड आणखी फाकतो.

दोघं असताना शॉकअप किती खाचा कडक करावेत? आणि २५ फुटांवरच्या भिंतीवर डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा किती इंच खाली हवी, हे मापताना मागे माणूस बसवायचा की नाही?