पुन्हा: फोमचा फिल्टर पेट्रोलने धुवावा का?

छोट्या पेट्रोल इंजिनाचा फोमचा एअर फिल्टर (आत जाणारी हवा गाळणारा) पेट्रोलने धुवा, असं इथे कोणीतरी सांगितलं आहे. तसं करू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय फोमचे जोड सुटतात आणि तो भुसभुशीत होतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरेसा आहे. फोम दाबून दाबून धुवा, पिळू नका, पिळला की फाटतो. पूर्ण वाळला की त्यावर थोडं इंजिन ऑइल सोडा, मुठीत दाबून सगळीकडे पसरवा आणि जादाचं ऑइल कोरड्या फडक्यात टिपून घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात. कोरड्या फोममधून बारीक धूळ सरळ आत जाते. उलट, ऑइल जास्त झालं तर हवा कोंडते, काळा धूर येतो आणि प्लगवर काजळी धरते.

कागदी फिल्टरला मात्र पाणी किंवा ऑइल लावू नका. हलकेच आपटून धूळ झाडा. मागे टॉर्च धरल्यावर उजेड दिसत नसेल, तर नवीनच टाका. फोम आणि कागद असे दोन्ही थर असतील तर बाहेरच्या फोमला ऑइल लावायचं की नाही, ते पुस्तिकेत पाहा.

फिल्टर काढण्याआधी चोक लावा, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप बंद होते आणि कचरा कार्बोरेटरमध्ये (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) पडणार नाही. फिल्टरच्या डब्याच्या आतल्या, स्वच्छ बाजूला बोट फिरवून बघा. तिथे धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) गेलं आहे. अशी धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून टाकते. इंजिन साधारण 25 तास चाललं की सफाई करा, धुळीत काम असेल तर रोज बघा.

फिल्टर ऑइलने चिंब सापडला तर इंजिन चुकीच्या कुशीवर आडवं केलं होतं किंवा ऑइल जास्त भरलं आहे, हे आधी तपासा.