चौदा वर्षांनी अमेरिकेतून पुण्याला परत: जूनमध्ये यावं की नोव्हेंबरमध्ये?

अटलांटा_ते_पुणे

परत यायचं पक्कं आहे, अडलंय ते तारखेवर. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर, २०१३ पासून अमेरिकेत, ग्रीन कार्ड २०१८ चं. मुलगी २०१४ ची, मुलगा २०१९ चा, दोघंही अमेरिकन नागरिक. मुलीचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) २०१५ चं, मुलाचं २०२२ चं. शाळेच्या दृष्टीने जून २०२७ बरा. पण जिथे वाचावं तिथे एकच सल्ला दिसतो: कर वाचवायचा तर १ ऑक्टोबरनंतर उतरा. मग मुलांचं शाळेचं वर्ष मधेच तुटतं. हा सल्ला खरंच सरसकट लागू होतो का?

दुसरं, आधार २०१२ मध्ये काढलेलं आहे आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद झाला. नवऱ्याचं पॅनवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत फरक आहे. ड्रायव्हिंग लायसन्स दोघांचंही संपून पाच वर्षं झाली. वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, मोठा मिक्सर, टीव्ही आणावं की विकावं? आणि निघण्याआधी तिथूनच उरकण्यासारखं काय आहे?

जमाखर्च

सल्ला सरसकट नाही. आणि तुमच्या वर्षी तर १ ऑक्टोबर ही तारीखच चुकीची आहे.

आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही करापुरते निवासी. फेब्रुवारी २०२८ हा २९ दिवसांचा. त्यामुळे २ ऑक्टोबर २०२७ ला उतरलात तरी ३१ मार्चपर्यंत बरोबर १८२ दिवस भरतात. अनिवासी राहायचं तर ३ ऑक्टोबर किंवा त्यानंतर उतरायला हवं. उतरल्याचा दिवस मोजायचाच, आणि त्याच वर्षी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये घर बघायला वगैरे चक्कर मारली असेल तर तेही दिवस धरायचे. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. दुसरी कसोटी आहे ६० दिवसांची, पण त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तरच ती लागते. कायमचं परतणाऱ्याने 'मी भेटीला आलो होतो' म्हणून या ६० दिवसांच्या कसोटीत मिळणारी सवलत गृहीत धरू नये, म्हणून ही बेरीजही करून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, आरएनओआर, म्हणजे निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला. या काळात परदेशातलं व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला नफा परदेशातच जमा होत असेल तर भारतात त्यावर कर नाही. हा दर्जा मिळायला दोनपैकी एक अट पुरते: मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असणं, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस असणं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, या कसोट्या त्याच राहिल्या.

नोव्हेंबर २०२७ ला आलात तर २०२७-२८ अनिवासी, २०२८-२९ आणि २०२९-३० आरएनओआर. म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत मोकळीक.

५ जून २०२७ ला आलात तर २०२७-२८ आणि २०२८-२९ ही दोन वर्षं नऊ-दहाच्या अटीने आरएनओआर. २०२९-३० ला ती अट तुटते, पण ७२९ ची अट शिल्लक असते. मोजा: ५ जून ते ३१ मार्च २०२८ हे ३०१ दिवस, पुढचं वर्ष ३६५, एकूण ६६६. उरले ६३. १ एप्रिल २०२२ ते ४ जून २०२७ या काळात तुमचे भारतातले दिवस ६३ च्या आत असतील, तर तिसरं वर्षही आरएनओआर, म्हणजे पुन्हा ३१ मार्च २०३०! मग नोव्हेंबरचा फायदा जवळजवळ संपतो आणि मुलांचं वर्ष वाचतं. परतल्यावर परदेशात घालवलेले दिवस यातून वजा होतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे असेल तरी भागू शकतं. दोघांचे पासपोर्ट काढा, शिक्के बघून प्रत्येकाची बेरीज वेगळी करा. नवरा-बायकोचे दिवस क्वचितच सारखे निघतात.

तीन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं, पुण्यात बसून अमेरिकन कंपनीचं काम केलं आणि पगार तिकडच्या खात्यात घेतला तरी ते उत्पन्न भारतातलंच. काम जिथे केलं तिथलं ते. आरएनओआर इथे मदत करत नाही. दुसरं, एनआरई खात्याचं, म्हणजे अनिवासींच्या इथल्या रुपयांतल्या खात्याचं, व्याज. ते करमुक्त असतं ते फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही परदेशस्थ असेपर्यंत, आणि फेमात कायमचं राहायला आलात की त्या दिवसापासून निवासी. १८२ दिवसांशी त्याचा संबंध नाही. बँकेला लगेच कळवून खाती निवासी करून घ्या, किंवा पैसा परकीय चलनातच ठेवायचा असेल तर आरएफसी खात्यात वळवा. तिसरं, आरएनओआर संपल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची. तिकडचं प्रत्येक खातं, ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यासकट, कॅलेंडर वर्षाप्रमाणे दाखवायचं. राहून गेलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड लागू शकतो. स्थावर सोडून बाकीच्या मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांपर्यंत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड लागत नाही, पण तेवढ्यासाठी रकाना कोरा ठेवू नका.

ग्रीन कार्ड परत करताना घाई नको. गेल्या १५ करवर्षांपैकी ८ वर्षं ते हातात असेल तर अमेरिकेचे नागरिकत्वत्यागाचे करनियम लागू होतात. २०१८ पासून मोजलं तर तुम्ही त्यात बसता. आय-४०७ हा अर्ज देऊन कार्ड सोडलं की अमेरिकेच्या कर खात्याकडे ८८५४ हा फॉर्मही भरावा लागतो. निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, किंवा मागच्या पाच वर्षांची विवरणं चोख असल्याचं लिहून देता आलं नाही, तर निर्गमन कर बसू शकतो. यासाठी तिकडचा सीए गाठा, इथला नव्हे.

ठसा_आणि_सही

तुम्ही गेलात तेव्हाच्या आणि आताच्या भारतात कागदपत्रांपुरता सर्वांत मोठा फरक म्हणजे ओटीपी. बँक, गॅस, प्राप्तिकर, आरटीओ, सगळ्यांचं दार एका मोबाइल नंबरवर उघडतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नंबर, मग आधार, मग पॅन, मग बँक. उलटा क्रम धरलात तर प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागतं.

परतण्याआधीच्या एखाद्या भेटीत प्रीपेड सिम घ्या आणि रिचार्ज चालू ठेवा. नव्वद दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला दिला जातो. तुमच्या आधारचा जुना नंबर बहुधा असाच कुणाकडे तरी गेलेला असेल, त्यामुळे तो बदलणं सगळ्यात आधी. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन बदलतो, कागद लागत नाही.

नावाचं प्रकरण आपल्या मराठी लोकांना जास्त छळतं, कारण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. पासपोर्टमध्ये ते पहिल्या नावाच्या रकान्यातच जातं, पॅनमध्ये त्याला स्वतंत्र रकाना, आधारवर सगळं एका ओळीत, आणि जुन्या बँक खात्यावर नुसती आद्याक्षरं. पासपोर्टचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचं त्याला जुळवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अर्ज देण्यापूर्वी अक्षर न् अक्षर तपासा. पॅनच्या दुरुस्तीला असं बंधन नाही, ती आधारनंतर करा. दोन्हीवर नाव जुळलं की पॅन-आधार जोडणी होते. पॅन निष्क्रिय असेल तर टीडीएस चढ्या दराने कापला जातो आणि परतावा अडतो. प्राप्तिकर पोर्टलवर तुमचा दर्जा निवासी की अनिवासी काय दाखवतोय तेही बघून घ्या.

मुलांच्या आधारची घाई करून उपयोग नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याला थांबावं लागत नाही, पण ओसीआयधारकाला मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावरच अर्ज करता येतो. तोवर शाळेत ओसीआय आणि पासपोर्टच्या प्रती द्या.

लायसन्स संपून एक वर्ष उलटलं की नूतनीकरणालाही चाचणी द्यावी लागते. सारथी पोर्टलवर अर्ज होतो. चाळिशी ओलांडली असेल तर फॉर्म १-अ वर डॉक्टरची सही लागते. मधल्या काळासाठी अमेरिकेतून निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. ज्या देशाचं लायसन्स त्याच देशात तो मिळतो आणि वर्षभर चालतो. गाडी घेतलीत की फास्टॅगशिवाय टोलनाका ओलांडू नका, फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

आणि हो, तिकडचा नंबरही जपा. ४०१(के) आणि तिकडच्या बँका त्यावरच कोड पाठवतात. गूगल व्हॉइसवर २० डॉलरमध्ये नेता येतो, पण नंबर चालू असतानाच आणि अमेरिकेत असतानाच. काही बँका इंटरनेटवरचे नंबर नाकारतात, तेव्हा निघण्याआधी महिनाभर प्रत्येक बँकेत लॉगिन करून पाहा.

जुन्या पाकिटात नोटा असतील तर: २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या आता बदलून मिळत नाहीत. दोन हजारच्या मात्र रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत चालतात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पुण्याहून टपालानेही पाठवता येतात.

पेटारा

वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, मिक्सर: विका. अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, इथे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाही. साधी मोटर त्यामुळे सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि तापते. मायक्रोवेव्हच्या आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलेला, तो ५० वर जास्त करंट ओढतो आणि जळतो. शिवाय वॉशिंग मशीनला पुरेल एवढा ट्रान्सफॉर्मर म्हणजे दहा-पंधरा किलोचं धूड.

टीव्हीच्या मागची पट्टी वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलं असेल तर चालतो. अँटेनाचा ट्यूनर इथे निरुपयोगी, पण सेट टॉप बॉक्स एचडीएमआयवर लागतो. लॅपटॉप-फोनचे चार्जर असेच, फक्त पिन बदला. सपाट पिनवर घालायचे स्वस्त अडॅप्टर आर्थिंग तोडतात, त्यापेक्षा वायरच नवीन घ्या.

जहाजाने सामान पाठवणार असाल तर वस्तूंची यादी किमतीसह स्वतः करा. 'घरगुती सामान, १२ खोकी' असं लिहून पाठवलं की कस्टममध्ये प्रत्येक खोकं उघडलं जातं. निवास-स्थलांतराची करमाफी किती वर्षं बाहेर राहिलात त्यावर ठरते, रकमा अर्थसंकल्पात बदलतात, तेव्हा बुकिंगच्या आठवड्यात सीबीआयसीचा, म्हणजे केंद्राच्या सीमाशुल्क मंडळाचा, चालू तक्ता बघा. कस्टमला मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून सामान मुंबईला पोचेल तेव्हा दोघांपैकी एक जण इथे हवा.

अटलांटा_ते_पुणे

शिक्के मोजले. त्या काळात माझे ५८ दिवस, नवऱ्याचे ८१. म्हणजे माझं तिसरं वर्ष बसतं, त्याचं नाही. मुलांबद्दल कुणी सांगेल का? मुलीला डॉक्टर व्हायचं आहे.

शाळेची_घंटा

मग जूनच, आणि तोही उशिरात उशिरा मुलीच्या नववीचा. वैद्यकीयच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. दहावीच्या वर्षात आणलंत तर बोर्डाची नोंदणी आणि अभ्यासक्रम दोन्ही अंगावर येतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओसीआयची तारीख. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईईमध्ये फक्त अनिवासी किंवा अधिसंख्य (मंजूर जागांवर वाढीव) जागांपुरतं ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की हे पुढच्यांना लागू, त्या तारखेआधी कार्ड असलेल्यांना नाही. तुमच्या मुलीचं कार्ड २०१५ चं, ते मूळ जपा; पासपोर्ट बदलल्यावर नवं कार्ड आलं असेल तर जुन्याची प्रतही, कारण पहिली तारीख तिथेच दिसते. डोमिसाइलला भारतीय नागरिकत्व मागितलं जातं. त्या प्रश्नावर प्रवेश प्रक्रियेच्या चालू माहितीपुस्तिकेतली ओसीआयची ओळ दरवर्षी वाचायची, गेल्या वर्षीच्या अनुभवावर जायचं नाही. मुलाचं कार्ड २०२२ चं, तो नव्या नियमात येतो. त्याच्यापुढे दहा वर्षं आहेत, पण हे आजच माहीत असलेलं बरं.

अमेरिकन सरकारी शाळा आपल्यासारखा दाखला देत नाही. मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचं पत्र शाळेच्या शिक्क्यासह मागून घ्या. जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, करून आणा. ते ज्या राज्यात मूल जन्मलं तिथेच होतं, जॉर्जियात राहता म्हणून जॉर्जियात नव्हे. इथे आल्यावर टपालाने करायला दोन-दोन महिने जातात.

मराठी आतापासून सुरू करा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. बोलता येणाऱ्या मुलांचं अडतं ते जोडाक्षरांवर आणि ऱ्हस्व-दीर्घावर. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि तोच दुसऱ्या दिवशी शुद्धलेखन म्हणून घ्यायचा, एवढं वर्षभर केलं तर नववीचं पुस्तक परकं वाटत नाही.

जमाखर्च

८१ दिवसांचं: नवऱ्याला २०२८-२९ संपेपर्यंत किमान १८ दिवस भारताबाहेर काढावे लागतील. तिकडचं घर किंवा गाडी विकायला त्याला जायचंच असेल तर ती फेरी ३१ मार्च २०२९ च्या आत बसवा, जाण्या-येण्याचे दिवस भारतातलेच धरा आणि वर तीन-चार दिवस जास्तीचे ठेवा.

आणि आरोग्यविमा आजच घ्या, परतल्यावर नव्हे. आधीपासूनच्या आजारांना कमाल तीन वर्षांची प्रतीक्षा असते आणि ती पॉलिसी सुरू झाल्या दिवसापासून मोजतात. बऱ्याच कंपन्या परदेशात असतानाही देतात. प्रस्तावात रक्तदाब, थायरॉइड, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहा. लपवलेल्या गोष्टीवरून पहिली पाच वर्षं दावा नाकारता येतो.