एक जर्मनीत, एक सोलापुरात: स्टुडंट व्हिसा की असायलम (परदेशात आश्रय)?

पार्कचौक (धागाकर्ता)
प्रकरण असं. दोघी मुली, एकमेकींच्या जोडीदार. एक जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) नोकरीला, दुसरी सोलापुरात, बी.कॉम. झालेली. घरी कळलंय, मारहाण झालीय, स्थळं बघणं चालू आहे. भारतात दोघींचं लग्न नोंदवता येत नाही (सर्वोच्च न्यायालय, 17 ऑक्टोबर 2023), म्हणून स्पाउस व्हिसा सध्या नाही. एक एजंट म्हणतो, "टुरिस्टवर उतरा, असायलम मागा, लगेच काम मिळतं." माझ्या मते हा सल्ला बुडवणारा आहे, स्टुडंटच बरा. उलट मत असेल तर कायद्यासकट लिहा.

शेंगाचटणी
सहमत, पण स्टुडंटलाही वेळ जातो. आधी एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शिक्षणाच्या कागदांची जर्मन पडताळणी): फी 18,000 रुपये, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका हव्यात. एखादी हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी केगावला सोलापूर विद्यापीठात खेटे. युनि-असिस्टला (विद्यापीठांचे अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाचे 75 युरो, पुढच्या प्रत्येकाचे 30. तीन वर्षांची पदवी प्रत्येक विद्यापीठ मास्टर्सला धरत नाही, पैसे भरण्याआधी विचारून घ्या. ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाची आधीच भरून ठेवायची रक्कम) 11,904 युरो, त्यातले महिन्याला 992 हातात येतात.

जुलै 2025 पासून व्हिसा नाकारल्यावर फुकटात फेरविचार मागायची सोय बंद झाली. आता नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा. त्यामुळे मोटिव्हेशन लेटर पहिल्याच फटक्यात नीट हवं. बी.कॉम.वरून एकदम डेटा सायन्स लिहिलं की शंका आलीच.

आणि पासपोर्ट नसेल तर पोलीस पडताळणी घरच्या पत्त्यावर येते. बहुतेकदा बिंग तिथेच फुटतं.

अक्कलकोटरोड
बारा लाखांच्या आसपास रक्कम ही मुलगी आणणार कुठून? आणि मार खाणारीला "पुढच्या सेमिस्टरपर्यंत कळ काढ" म्हणायचं?

असायलम म्हणजे लबाडी, हा सूर मला पटत नाही. लैंगिकता लपवून मायदेशी राहा अशी अपेक्षा धरता येत नाही, हे युरोपियन न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2013 लाच सांगितलंय. 2 डिसेंबर 2014 च्या निकालाने खासगी चित्रफितींसारखे पुरावे बाद केले. छळ सरकारनेच करायला हवा असंही नाही. घरचे छळतात आणि पोलीस वाचवत नाहीत, हेही कायद्यात बसतं.

पार्कचौक
"पोलीस वाचवत नाहीत" हे कागदावर दाखवणार कसं? दंडसंहितेच्या कलम 377 मधला समलैंगिक संबंधांचा गुन्हा 6 सप्टेंबर 2018 ला गेला. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या हेबियस कॉर्पसबाबत (डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टात हजर करा, असा अर्ज) हायकोर्टांना सूचनाही दिल्या. मुलाखतीत अधिकारी विचारणारच: पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे, तिथे का राहिली नाहीस? शिवाय युरोपियन कमिशनने एप्रिल 2025 मध्ये सुचवलेल्या सुरक्षित देशांच्या (जिथल्या लोकांना सहसा आश्रयाची गरज नाही असं धरतात) यादीत भारत आहे.

टुरिस्ट व्हिसा फ्रान्सचा निघाला तर डब्लिन नियमाने (व्हिसा देणाऱ्या देशानेच अर्ज तपासायचा) प्रकरण फ्रान्सकडे. पासपोर्ट जमा. राहायचं कुठल्या राज्यात हे सरकार ठरवणार, आणि लग्न झालेलं नसल्यामुळे जोडीदार कुठे राहते याला वजन नाही. "लगेच काम" म्हणाल तर स्वागत केंद्रात (आश्रय मागणाऱ्यांचा सरकारी कॅम्प) असेपर्यंत पहिले सहा महिने कामाला बंदी. सगळ्यात वाईट म्हणजे अर्ज चालू असताना किंवा फेटाळल्यावर तिथल्या तिथे स्टुडंट परमिटवर येता येत नाही. अपवाद मोजके.

होटगीनाका
मग दोन्ही जोडा ना. स्टुडंट म्हणून जा, सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचं परमिट घ्या. इथे काही बिघडलं तर असायलमचा अर्ज लेखी न्युरेनबर्गच्या मुख्य असायलम कार्यालयाला जातो, कॅम्पात राहावं लागत नाही. ब्लॉक्ड अकाउंटऐवजी जर्मनीतल्या मैत्रिणीने हमीपत्र (हिचा खर्च मी उचलेन, अशी सरकारला लेखी हमी) द्यावं. पैशाचाही प्रश्न मिटला.

पार्कचौक
हमीपत्र बिनधास्त द्या, फक्त मागची बाजू वाचून. त्याची जबाबदारी पाच वर्षं चालते आणि नंतर असायलम मंजूर झालं तरी संपत नाही. त्या काळात तिने सरकारी भत्ता घेतला तर वसुलीची नोटीस मैत्रिणीला. आणि असायलमच मागायचं असं आधीच ठरवून व्हिसा अर्जात "शिक्षण" लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. परिस्थिती नंतर खरोखर पालटली तर गोष्ट निराळी.

अक्कलकोटरोड
हमीपत्राचा मुद्दा मान्य. तरी धमक्या खऱ्या असतील तर पुरावा आजपासून जमवा. सिव्हिलमध्ये एमएलसी (मारहाणीच्या जखमांची पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) नोंदवून घ्या, ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून प्रत मागा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुलीलाही लागू आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. त्याने आज आसरा मिळेल, आणि पोलीस हलले नाहीत तर तेही नोंदलं जाईल. 12 जून 2026 पासून युरोपचे नवे असायलम नियम लागू होतात, म्हणून जुन्या अनुभवांवर विसंबू नका. वकील तिथलाच हवा.

शेंगाचटणी
तिसरी वाट कुणीच बोललं नाही. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2017 पासून दोघींचं लग्न होतं, त्यांचा स्वतःचा देश मानो न मानो. लग्नासाठीचा वेगळा व्हिसा असतो, आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ए-वन (अगदी प्राथमिक पातळीच्या) जर्मनची अट नाही, कामाची मुभा पहिल्या दिवसापासून. घोडं अडतं ते कागदांवर: भारतीय दाखले तिथे अपोस्टिलवर (परदेशासाठीचा सरकारी शिक्का) चालत नाहीत, इथल्या वकिलामार्फत पडताळणी होते आणि महिने जातात. जन्मदाखला महापालिकेतून आत्ताच नव्याने काढा. त्यावर आणि पासपोर्टवर आईच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आधी बघा.