माचू पिचू रेल्वेशिवायही होतं

रेल्वेचं तिकीट परवडत नाही म्हणून पेरूमधल्या माचू पिचूची, म्हणजे इंका लोकांच्या डोंगरावरच्या प्राचीन शहराची, सहल रद्द करताय? नका करू! कुस्को शहरातून सकाळची व्हॅन पकडा, सहा-सात तासांत इद्रोएलेक्त्रिका, म्हणजे जलविद्युत केंद्राजवळचा थांबा. तिथून रुळांच्या कडेकडेने साधारण १० किलोमीटर चालत आग्वास कालिएन्तेस, म्हणजे माचू पिचूच्या पायथ्याचं गाव. वाट बरीचशी सपाट आहे, शेजारी उरुबांबा नदीचा खळखळाट. रुळांची खडी मात्र टोचते, त्यामुळे जाड तळव्याचे बूट हवेतच. गाडीचा भोंगा ऐकला की लगेच बाजूला व्हा. रात्री मुक्काम करून पहाटे पायऱ्यांनी माचू पिचूपर्यंत चढलात तर वर जाणाऱ्या बसचेही पैसे वाचतात. प्रवेशाचं तिकीट आधीच काढा, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र हा मार्ग टाळाच, पावसाने दरडी कोसळतात.