‘डिसअपॉइंटमेंट’ म्हणजे निराशा?

शब्दखोर: ‘डिसअपॉइंटमेंट’ दिसलं की भाषांतरात डोळे मिटून ‘निराशा’ लिहितात. निः + आशा, म्हणजे आशाच उरलेली नाही. पावसाने सामना रद्द झाला तर आशा कसली संपते? तिथे हिरमोड होतो. ठरलेलं मिळालं नाही तर अपेक्षाभंग. निराशा हा शब्द ‘डिस्पेअर’साठी राखून ठेवावा.

काना_मात्रा: साफ असहमत. व्युत्पत्तीवर अर्थ ठरला असता तर ‘साहस’ करणाऱ्याचं कुणी कौतुक केलं नसतं; धर्मशास्त्रात तो बळजबरीचा गुन्हा आहे. क्रियापद बघा ना. निराशा ‘होते’ आणि निराशा ‘येते’ यांत मराठी माणूस बरोबर फरक करतो. ‘निकाल पाहून तिची निराशा झाली’ म्हणजे उद्या ती ठीक होईल. ‘तिला निराशा आली आहे’ म्हटलं की काळजी वाटते. पहिल्यात ‘तिची’, दुसऱ्यात ‘तिला’. एवढी सोय असताना शब्द राखून कशाला ठेवायचा?

शब्दखोर: ‘होते-येते’ मान्य. पण विशेषणाचं काय? ‘ती निराश आहे’ यावरून कालपासून की वर्षभर, काही कळत नाही. क्रियापद तिथे मदतीला येत नाही.

काना_मात्रा: आणि तुमच्या अपेक्षाभंगाला विशेषणच नाही! ‘अपेक्षाभंगित’ म्हणणार? शिवाय तो शब्द लेखी. फुगा फुटलेल्या पोराचा ‘अपेक्षाभंग झाला’ म्हटलं तर लोक हसतील. पोरगं हिरमुसतं.

मुद्रितशोधक: दोघांनी भ्रमनिरास सोडलाच. त्याचा निराशेशी संबंध नाही. निरास म्हणजे दूर सारणं, ‘निरसन’मधलाच, म्हणून ‘भ्रमनिराश’ चूक. आधी काही गैरसमज असेल तरच तो वापरावा. जाहिरात खरी मानली आणि वस्तू टाकाऊ निघाली, तर भ्रमनिरास. पावसाबद्दल कुणाला भ्रम नव्हता, तेव्हा तिथे नाही.

अवांतर: ‘मी तुझ्याबाबतीत निराश आहे’ हे वाक्य मालिकांच्या भाषांतरात सारखं येतं. इथे निराशा, अपेक्षाभंग, काहीच बसत नाही. नाम काढून टाका: ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’

शब्दखोर: म्हणजे शेवटी ‘अपेक्षा’च लागली की!

काना_मात्रा: अपेक्षा लागली, भंग नाही.